जिवाणू खताचं पॅकेट फोडायच्या आधी कुंडीतली माती बघा

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये आता सात-आठ घरं तरी गच्चीवर नाहीतर खिडकीच्या ग्रिलमध्ये भाजी लावतात. मागच्या जूनमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकू चवळीचं एक रोप मुळासकट हातात धरून दारात आल्या, म्हणाल्या अरे तू सांगितलंस म्हणून ते रायझोबियम नावाचं जिवाणू खत आणलं, बियांना चोळलं, महिना झाला आणि बघ, मुळांना एक गाठ नाही. खरंच नव्हती. मग त्यांची कुंडी बघायला गेलो तर आत निव्वळ कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, वरून दर आठवड्याला एकोणीस-एकोणीस-एकोणीस या नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश असलेल्या रासायनिक खताचं पाणी, आणि काळी ग्रो बॅग पश्चिमेच्या खिडकीत, म्हणजे मे महिनाभर दुपारपासून संध्याकाळपर्यंत तापत पडलेली. अशा जागी जिवाणू टिकणार कसे?

काकूंना तेव्हा जे तुकड्यातुकड्याने सांगितलं तेच इथे सलग लिहितोय, कारण नवीन लोक सगळं लक्ष पॅकेटवर ठेवतात आणि मातीकडे बघतच नाहीत. पॅकेटमधले जिवाणू जिवंत असतात, त्यांना हवा लागते, ओल लागते, खायला लागतं, आणि फार गरम, फार आंबट, फार खारट असं काही चालत नाही. हे आधी जमवा, मग पॅकेट आणा.

कोण कोण असतात हे थोडक्यात सांगतो. रायझोबियम हा डाळवर्गीय झाडांच्या मुळांत गाठी करून राहतो आणि हवेतला नत्र झाडाला देतो. गाठींमधला हा जिवाणू बायेरिंक नावाच्या डच शास्त्रज्ञाने १८८८ मध्ये वेगळा करून दाखवला, म्हणजे ही काही आजकालची फॅशन नाही. अॅझोटोबॅक्टर आणि अॅझोस्पिरिलम गाठी न करता मुळांच्या आसपास राहून थोडाफार नत्र देतात, शिवाय मुळं वाढवणारी संप्रेरकंही सोडतात. पीएसबी म्हणजे मातीत अडकून बसलेला स्फुरद सोडवणारे जिवाणू. स्युडोमोनास आणि बॅसिलस सबटिलिस रोगाच्या बुरशीला मुळांपाशी फिरकू देत नाहीत. दुकानात याच रांगेत ट्रायकोडर्मा पण ठेवलेला असतो, पण ती बुरशी आहे, तिची तब्येत वेगळी, तिला थोडी आंबट माती पण चालते, त्यामुळे तिचे नियम यांना लावू नका.

यांच्यात एक फरक लक्षात ठेवा, पुढे फार उपयोगी पडतो. बॅसिलस वाईट दिवस आले की टणक बीजाणू करून झोपून जातो आणि ऊन, दुष्काळ सगळं काढतो. अॅझोटोबॅक्टर पण जाड कवच करून घेतो, त्याला कोरड सोसते. रायझोबियम आणि स्युडोमोनासकडे असं काहीच नाही, ते सुकले की मेले. म्हणून तुमची कुंडी उन्हात असेल आणि पाणी द्यायला कधी कधी विसरायला होत असेल तर सुरुवात बॅसिलसने करा, निराशा कमी होईल.

आता माती. मुंबईत नर्सरीत गोणीतून मिळते ती बहुतेक लाल माती, कोकणपट्टीतली. ती भुसभुशीत दिसते पण दोन-चार पावसात बसते, थापी मारल्यासारखी घट्ट होते. याच्या उलट टोकाला निव्वळ कोकोपीट. जिवाणूंना दोन्ही नकोत, त्यांना दोन्हीच्या मधलं काहीतरी हवं असतं, आणि त्याचं कारण फार मस्त आहे. मातीत त्यांना खाणारे आदिजीव फिरत असतात, आपण टाकलेले जिवाणू पहिल्या काही दिवसांतच भराभर कमी होतात ते बरेचसे यामुळे आणि तिथल्या जुन्या जिवाणूंशी खाण्यावरून चालणाऱ्या मारामारीमुळे. पण चिकण मातीच्या कणांमध्ये इतकी बारीक छिद्रं असतात की जिवाणू आत शिरतो आणि खाणारा बाहेरच राहतो. वाळूत किंवा जाड तंतूंच्या कोकोपीटमध्ये अशा लपायच्या जागाच कमी. म्हणून थोडी खरी माती कुंडीत हवीच, वजन वाढतं म्हणून ती पूर्ण काढून टाकू नका. मी तीन भाग लाल माती, दोन भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत, दोन भाग धुतलेलं कोकोपीट, आणि एक भाग लाकडी कोळशाचा चुरा असं घेतो. कोळशाच्या भोकांतही ते घर करतात. चुरा बार्बेक्यूच्या दाबून केलेल्या वड्यांचा नको, साध्या लाकडी कोळशाचा घ्या, इस्त्रीवाल्याकडे विचारलं तर मिळतो.

कोकोपीट धुतलेलं म्हणालो ते सोडू नका. नारळाच्या सोडणात मीठ असतं, आणि ते खारट पाण्यात कुजवलेलं असेल तर आणखीनच. खारट मातीत पाणी असूनही ते जिवाणूंना ओढून घेता येत नाही, पेशी आतून सुकते, आपण लोणच्यात मीठ कशाला घालतो तेच इथे होतं. कोकोपीटची वीट बादलीत भिजवा, फुगू दे, फडक्यातून पिळा, पाणी फेका, परत भिजवा, असं तीनदा तरी. घरी फिल्टरवाल्याने दिलेला टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, असेल तर शेवटच्या पिळलेल्या पाण्यात बुडवून बघा, नळाच्या पाण्यापेक्षा थोडाच जास्त आकडा आला की पुरे. आणि रासायनिक खत दर आठवड्याला ओतत राहिलात की तेच मीठ तुम्ही परत भरताय.

पीएच कसा बघायचा

कोकणात पाऊस एवढा की मातीतला चुना आणि मॅग्नेशियम वर्षानुवर्षं धुवून जातं, म्हणून तिथली लाल माती आंबट असते, पीएच (आंबटपणाचं माप, सातच्या जितका खाली तितकी माती आंबट) साडेपाच-सहाच्या आसपास सहज. बहुतेक उपयोगी जिवाणूंना साडेसहा ते साडेसात आवडतो. अॅझोटोबॅक्टर तर सहाच्या खाली धड जगत नाही. आंबट मातीत आणखी एक अडचण म्हणजे मॉलिब्डेनम हे सूक्ष्म द्रव्य झाडाला मिळेनासं होतं आणि नत्र पकडणाऱ्या एन्झाइमला तेच लागतं, म्हणजे जिवाणू जिवंत असूनही काम अडतं.

दुकानातले दोन काट्यांचे स्वस्त मीटर मी वापरून बघितलेत, माझा विश्वास नाही. पीएच पट्ट्या घ्या. एक भाग माती, अडीच भाग डिस्टिल्ड वॉटर, ते इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं मिळतं ना तेच, नीट ढवळा, अर्धा तास ठेवा, वरचं पाणी निवळलं की पट्टी बुडवा. सहाच्या खाली आली तर शेतीचा चुना किंवा डोलोमाइट, दहा किलो मातीला चहाचे दोन चमचे, मिसळून ओली करून दोन आठवडे ठेवा आणि परत मोजा. पानाला लावायचा चुना नको, तो फार तिखट, टाकल्या टाकल्या मातीचा पीएच उडी मारतो. अंड्याच्या टरफलांचा भरड चुरा अनेक जण टाकतात, वाईट काही नाही, पण विरघळायला महिनोन् महिने लागतात त्यामुळे या हंगामात त्याच्यावर विसंबू नका.

मेथी आणि चवळीत इथे चांगला फरक दिसतो. मेथीचा रायझोबियम आंबटपणाला फार हळवा, चवळीचा बराच काटक. माझ्या एकाच लाल मातीच्या दोन कुंड्यांत चवळीला भरपूर गाठी आणि मेथीला नावालाही नाहीत असं झालेलं आहे, आणि चुना घालून पुढच्या खेपेला मेथीलाही आल्या. म्हणून नवीन माणसाने पहिल्यांदा चवळीच लावावी असं मी सांगतो.

वाफसा

शेतकऱ्यांचा हा एक शब्द शहरातल्या माणसाने पाठ करावा इतका कामाचा आहे. वाफसा म्हणजे मातीत ओल पण आहे आणि हवा पण आहे अशी अवस्था. माती पाणी जेवढं धरून ठेवू शकते त्याच्या साधारण साठ टक्के पाणी असलं की हवेवर जगणारे जिवाणू सगळ्यात जोमात असतात. हे मोजायला मीटर नको, कुंडीत चार बोटं खालची माती मुठीत घ्या आणि दाबा. लाडू वळला आणि अंगठ्याने टोचल्यावर फुटला तर वाफसा आहे. बोटांमधून पाणी आलं तर जास्त झालं, लाडू वळलाच नाही तर कोरडी.

आपल्याकडे मुंबईत वर्षाचा दोन हजार मिलिमीटरच्या वरचा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये येतो, म्हणजे चार महिने भीती बुडण्याची. मातीच्या छिद्रांत पाणी भरलं की हवा संपते, मग वेगळ्याच जातीचे जिवाणू जोर धरतात जे मातीतल्या नायट्रेटमधला, म्हणजे नत्र आणि प्राणवायूच्या संयुगातला, प्राणवायू वापरतात आणि नत्र वायू होऊन उडून जातो. म्हणजे आपण नत्र पकडणारे सोडले आणि कुंडीत नत्र उडवणारे वाढले. ओळख सोपी, माती नाकाशी धरा. पहिल्या पावसासारखा वास आला तर माती छान आहे, तो वास मातीतले स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणूच बनवतात. गटारासारखा, कुजक्या अंड्यासारखा वास आला तर हवा संपलीय.

पावसाळ्यात काय करायचं: कुंडीखालच्या बशा जूनमध्येच काढून ठेवा, डेंग्यूच्या डासांसाठीही ते बरंच. कुंड्या दोन विटांवर उचला. भोकं काठीने टोचून मोकळी आहेत ना बघा, आणि शक्य असेल तर रायझोबियम लावलेली कुंडी पहिले पंधरा-वीस दिवस छज्जाखाली सरकवा कारण मुसळधार पाऊस नवीन जिवाणूंना आणि विरघळलेल्या नायट्रेटला सरळ खाली धुवून नेतो.

उन्हाळा त्याहून अवघड. बहुतेक जिवाणूंना पंचवीस ते पस्तीस अंश मानवतं, चाळीसच्या पुढे रायझोबियमची संख्या घसरायला लागते. तुम्ही म्हणाल मुंबईत हवेचं तापमान तर चौतीसच्या आसपास असतं, पण कुंडीतलं तसं नसतं. गेल्या मेमध्ये दुपारी अडीचला मी स्वयंपाकाचा काट्याचा थर्मामीटर काळ्या ग्रो बॅगच्या कडेला खुपसला, ४६ आला. त्याच बॅगच्या मधोमध ३७, आणि शेजारच्या पांढऱ्या रंगवलेल्या, वर नारळाच्या शेंड्या आणि सुका पाला घातलेल्या मातीच्या कुंडीत ३३. एकाच गच्चीवर, दोन हातांच्या अंतरावर. तेव्हापासून काळ्या बॅगांना मी जुनी गोणी गुंडाळतो, कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवतो म्हणजे मधल्यांना कडेच्यांची सावली मिळते, आणि वर दोन इंच आच्छादन कायम. नवीन जिवाणू एप्रिल-मेमध्ये सोडतच नाही. जूनचा दुसरा-तिसरा आठवडा किंवा ऑक्टोबरचं ऊन उतरल्यावर नोव्हेंबर, हे दोन मुहूर्त.

खाणं आणि विष

झाडाची मुळं साखर आणि अमिनो आम्लं सोडत असतात आणि मुळाभोवतीच्या त्या पातळ थरात जिवाणूंची गर्दी असते. हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये या थराला रायझोस्फिअर नाव दिलं. म्हणून जिवाणू रिकाम्या कुंडीत सोडण्यात अर्थ नाही, बी किंवा रोपाच्या मुळाबरोबर सोडा. बाकी वेळी त्यांना कुजलेलं खत पुरतं. कच्चं शेण, स्वयंपाकघरातला ताजा ओला कचरा थेट घालू नका, तो कुजताना तापतो आणि मातीतला नत्र आणि प्राणवायू तेवढ्यापुरता ओढून घेतो.

डाळवर्गीय झाडाला नत्राचं खत आयतं दिलं की ते गाठी करायच्या भानगडीतच पडत नाही, कारण गाठ पोसायला त्याला स्वतःची साखर द्यावी लागते. काकूंच्या चवळीचं मोठं कारण हेच होतं. तसंच डीएपी हे स्फुरदाचं रासायनिक खत भरपूर दिलेल्या कुंडीत पीएसबीला काही कामच उरत नाही. लाल मातीत मात्र स्फुरद लोखंड आणि अॅल्युमिनियमला चिकटून बसलेला असतो, पीएसबी सेंद्रिय आम्लं सोडून तो मोकळा करतात, तिथे पीएसबी आणि मूठभर हाडांचा चुरा ही जोडी चांगली.

आणि औषधं. कॉपर ऑक्सिक्लोराइड, बोर्डो मिश्रण, स्ट्रेप्टोसायक्लिन हे सगळं जिवाणूंना मारतं, चांगला-वाईट बघत नाही. मातीत यातलं काही ओतलं असेल तर निदान आठ-दहा दिवस थांबा आणि नंतर ओतायचं टाळा. नळाच्या क्लोरिनबद्दल लोक फार घाबरवतात. रोजच्या पाण्यातला क्लोरिन मातीला लागला की सेंद्रिय पदार्थाबरोबर लगेच संपतो, त्याची चिंता नको, फक्त जिवाणूंचं द्रावण करताना पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवलेलं घ्या, कारण तिथे ते थेट क्लोरिनमध्ये पडतात.

आता पॅकेट

माझ्या पहिल्या वर्षी मी पॅकेट घेतलं ते दुकानाच्या काचेच्या शोकेसमधून, दुपारचं ऊन थेट त्याच्यावर पडत होतं, आणि मला तेव्हा कळलंच नाही की मी मेलेले जिवाणू विकत घेतोय. आता आधी विचारतो कुठे ठेवलंय. जिवाणू खतं २००६ पासून खत नियंत्रण आदेशात आहेत, त्यामुळे पाकिटावर जिवाणूचं नाव, संख्या, बनवल्याची आणि संपायची तारीख असायलाच हवी. रायझोबियमच्या पावडरमध्ये ग्रॅममागे किमान पाच कोटी आणि द्रवात मिलिलिटरमागे किमान दहा कोटी जिवंत जिवाणू असा नियम आहे. पावडर साधारण सहा महिने टिकते, द्रव त्याहून जास्त. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पुणे कृषी महाविद्यालयातही जिवाणू खतं तयार होतात, कोणी पुण्याला जात असेल तर मागवा. घरी आणल्यावर सावलीत, थंड जागी ठेवा, पण फ्रीझरमध्ये नको.

पीक बघून घ्या. हरभऱ्याचा रायझोबियम चवळीला चालत नाही, वाटाण्याचा मेथीला नाही, सोयाबीनचा वेगळाच. चवळी, मूग, भुईमूग यांचा मात्र एकच गट. नुसतं रायझोबियम लिहिलेलं आणि पीक न लिहिलेलं पॅकेट मी परत ठेवतो.

बियांना लावायची पद्धत: एक चमचा गूळ अर्धा कप पाण्यात उकळवा आणि पूर्ण गार होऊ द्या, कोमट पण नको. दोन मूठ चवळीच्या बिया ताटलीत घ्या, दोन चमचे गुळाचं पाणी शिंपडा, बिया नुसत्या चिकट व्हायला हव्यात, भिजायला नको. त्यावर एक चमचा पावडर टाकून बोटांनी हलकेच फिरवा, साल सुटेल इतकं चोळू नका. प्रत्येक बी काळसर दिसलं की वर्तमानपत्रावर सावलीत पंधरा-वीस मिनिटं पसरा आणि त्याच दिवशी संध्याकाळी वाफसा असलेल्या मातीत पेरा. बियांना बुरशीनाशक लावायचंच असेल तर आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि जिवाणू सगळ्यात शेवटी. टोमॅटो-मिरचीच्या रोपांना अॅझोटोबॅक्टर किंवा स्युडोमोनास द्यायचा तर द्रावणात मुळं दहा मिनिटं बुडवून लावा.

तीस-पस्तीस दिवसांनी एक रोप बळी द्या. ओढून काढू नका, गाठी मातीत राहतात. कडेने खुरपं घालून मातीचा गड्डा उचला, बादलीत धरून हळूहळू धुवा. मुळांना बाजूने चिकटलेले मोहरी ते मुगाएवढे दाणे दिसतील. एक नखाने कापा. आतून गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावकीतल्या द्रव्याचा, ते प्राणवायू मोजून मापून जिवाणूला पुरवतं, कारण नत्र पकडणारं एन्झाइम प्राणवायूच्या जास्तीने बिघडतं. पांढरी गाठ अजून कच्ची किंवा निकामी, हिरवट-तपकिरी म्हणजे म्हातारी. आणि फुगवटा मुळापासून सुटतच नसेल, मूळच जाड झालं असेल, तर ती गाठ रायझोबियमची नाही, सूत्रकृमीची, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या बारीक कृमींची आहे, तिथे निंबोळी पेंड वगैरे वेगळा इलाज करावा लागतो. बाकीच्या जिवाणूंचं असं डोळ्याला काही दिसत नाही, म्हणून एकाच मातीच्या दोन कुंड्या ठेवा, एकीत जिवाणू, एकीत नाही, तरच खरं कळेल.

हंगाम संपला की झाड उपटू नका, बुंध्याशी कापा. मुळं आणि गाठी आत कुजू दे. मातीवर पाला घाला, कुंडी सावलीत ओढा आणि मेमध्येही चार-पाच दिवसांनी तांब्याभर पाणी टाकत राहा, पूर्ण सुकू देऊ नका. काकूंनी ऑक्टोबरमध्ये नवीन मिश्रण केलं, बॅगेला गोणी गुंडाळली, ते एकोणीसचं पाणी बंद केलं आणि नोव्हेंबरमध्ये परत चवळी पेरली, पॅकेट मात्र नवीन आणलं. डिसेंबरच्या शेवटी परत एक धुतलेलं रोप घेऊन दारात उभ्या, एक गाठ माझ्यासमोर नखाने फोडली, आणि नखाला लागलेला लाल डाग दाखवत म्हणाल्या, हे बघ.